अर्धी किल्ली

अर्ध्या हळकुंडानें पिवळीं होणारीं माणसें आम्हीं पुष्कळ पाहिलीं आहेत. आमच्या अध्यापनाच्या धंद्यांत तर तीं विशेषच भेटतात. पण अर्ध्या किल्लीनें मोटार सुरू झाल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. गेल्या श्रावणांतल्या एका सकाळीं साडेसहाच्या सुमारास, बोळिंज येथील आमच्या इमारतीखालच्या वाहनतळांत, आम्ही अशी एक अर्धी किल्ली हातांत धरून बसलों होतों. तिचा उरलेला भाग स्टिअरिंगशेजारच्या कुलुपांत रुतून राहिला होता. बाहेर पाऊस कोसळत होता. मागच्या बाकावर सौभाग्यवती व मातोश्री बसल्या होत्या. मातोश्रींचें वय ब्याऐंशी. आठ वाजतां वसईच्या एका इस्पितळांत त्यांच्या उजव्या डोळ्यांतला मोतीबिंदू काढावयाचा होता, आणि त्या धास्तीनें रात्रभर त्यांच्या डोळ्यास डोळा लागला नव्हता.

किल्लीनें आम्हांस अगदींच बेसावध गांठलें असें म्हणतां यावयाचें नाहीं. दोन महिने ती कुरकुरत होती. कधीं आंत जातांना अडे, कधीं फिरतांना. मग जरा हलवून, जरा चुचकारून तिला वळवावी लागे. ती दुरुस्तीस द्यावयाची हें आम्ही रोज ठरवीत होतों आणि रोज कॉलेजची वेळ होत होती. त्या दिवशीं ती मुळींच फिरेना. अशा वेळीं शिकलेल्या माणसास जें पहिल्यानें सुचतें तेंच आम्हांस सुचलें. आम्हीं जोर केला. मागून मातोश्री म्हणाल्या, "अरे, जोर कशाला करतोस? जरा मागं घे, नि मग फिरव." जुन्या घराच्या दारांशीं जन्मभर झगडलेल्या बाईचा तो सल्ला होता. घराचें दार निराळें आणि मोटारीचें यंत्र निराळें, असें कांहींसें उत्तर आमच्या ओठांवर आलें होतें, तोंच 'कट्' असा आवाज झाला. फार मोठा नव्हे. वाळकी काटकी मोडावी इतकाच.

सौभाग्यवतींनीं वेळ दवडला नाहीं. त्यांनीं फाटकावरून रिक्षा बोलाविली आणि मातोश्रींना हात देऊन त्या निघाल्या. आम्हांसही निघतां आलें असतें. पण आमच्या वाहनतळांत मोटारी एकीमागें एक उभ्या करितात आणि आमची मोटार शेजारच्या गृहस्थांच्या मोटारीची वाट अडवून उभी होती. स्टिअरिंगही कुलूपबंद, तेव्हां ढकलून ती बाजूस करण्याची सोय नव्हती. रिक्षांत बसतां बसतां मातोश्री म्हणाल्या, "तूं मागाहून ये हो. घाई करूं नकोस." ज्याच्या भरंवशावर त्या पहांटेपासून तयार होऊन बसल्या होत्या तो मुलगा असा वाहनतळांत राहून गेला, हें आम्हांस किल्लीपेक्षां अधिक लागलें.

यानंतर अर्धा तास आम्हीं जें केलें तें सांगण्यासारखें नाहीं, तरी सांगतों. घरांतला केस उपटावयाचा चिमटा आणून आम्ही तो तुकडा धरावयास गेलों. चिमट्याचीं टोकें कुलुपाच्या फटीहून जाड. त्यामुळें तुकडा बाहेर येण्याऐवजीं आणखी दोन गव्हांएवढा आंत सरकला. इतक्यांत ज्यांची मोटार अडली होती ते गृहस्थ खालीं आले. ते बँकेंतून निवृत्त झालेले अधिकारी असून त्यांच्यापाशीं प्रत्येक अडचणीवर उपाय असतो. त्यांनीं क्षणांत चिकटणाऱ्या गोंदाची इवलीशी नळी पुढें केली. काडीच्या टोकास थेंबभर लावावा, काडी तुकड्यास टेंकवावी, वाळली कीं ओढावी. युक्ति ऐकावयास इतकी सुरेख होती कीं आम्हीं नळीचें झांकण काढलेंही होतें. फाटकावरच्या पहारेकऱ्यानें आम्हांस थांबविलें. "साहेब, ते नका घालूं. चावीवाल्याला फोन लावतों. माझ्या कुलुपाची चावी त्यानंच केली होती."

कोणता चावीवाला, हें आम्हीं विचारलें नाहीं. विचारण्याची गरज नव्हती.

दोन वर्षांपूर्वीं आमच्या फाटकाबाहेर, भिंतीच्या कडेला, एक किल्लीवाला बसत असे. एक लहानसें मेज, त्यावर किल्ल्या कापण्याचें यंत्र, तारेंत ओंवलेल्या कोऱ्या किल्ल्यांच्या माळा, आणि वर पत्र्याची कापलेली हातभर लांबीची एक किल्ली टांगलेली. कोणास त्याचा उपद्रव होत होता असें आज आम्हांस आठवत नाहीं. पण संस्थेच्या सभेंत फाटकाच्या शोभेचा प्रश्न निघाला, रहदारीच्या अडथळ्याचा निघाला, चोरांना किल्ल्या करून मिळतील असाही एक निघाला. आणि अर्ज कोणीं लिहावयाचा या प्रश्नावर सर्वांच्या नजरा आमच्याकडे वळल्या. आमचें इंग्रजी चांगलें आहे असा इमारतींत लौकिक आहे. आम्हीं अर्ज लिहिला. तीन परिच्छेदांचा होता. पूर्णविरामाचीही चूक नसलेला. पंधरा दिवसांत मेज गेलें, माळा गेल्या, पत्र्याची किल्ली गेली. आणि 'फेरीवाल्यांस आंत येण्यास मनाई आहे' ही पाटी फाटकावर लागली. तिचाही मजकूर आमचाच.

किल्लीवाला विरार स्टेशनाजवळून यावयाचा होता. पाऊण तास लागेल असें त्यानें कळविलें. तो पाऊण तास आम्हीं मोटारींतच काढला. करावयास कांहीं नसलें म्हणजे प्राध्यापकाचें मन शब्दांकडे जातें. पहारेकरी 'चावी' म्हणाला होता. आम्ही जन्मभर 'किल्ली' म्हणत आलों, आणि 'चावी' हा शब्द मुंबईच्या चाळींतला समजून त्यास जरा नाक मुरडीत आलों. वास्तविक ज्या भूमीवर आम्ही बसलों होतों तेथें तरी 'चावी'स नाक मुरडण्याचा कोणास अधिकार नाहीं. वसईचा हा टापू १५३४ पासून १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं किल्ला घेईपर्यंत पोर्तुगीजांकडे होता, आणि 'चावी' हा शब्द मराठीस पोर्तुगीजांकडूनच मिळाला. दार टांगावयाची बिजागरी त्यांची, दार उघडावयाची चावी त्यांची, आणि ज्याचें दार आंतून उघडतां येत नाहीं तो तुरुंगही शब्दापुरता त्यांचाच. (किल्ला आणि किल्ली यांचा मात्र कांहीं संबंध नाहीं, हें येथें आमच्या विद्यार्थ्यांसाठीं नमूद करून ठेवितों; किल्ला अरबी आहे.)

शब्दाकडून मन वस्तूकडे गेलें. मोटारीस किल्ली ही कांहीं जन्मापासूनची गोष्ट नव्हे. पहिल्या मोटारी पुढें उभें राहून, हँडल घालून, हातानें फिरवून सुरू करीत. हँडल उलटून मनगटें मोडत. १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींत चार्ल्स केटरिंग यांनीं विजेनें इंजिन फिरविण्याची योजना आणली आणि मनगटें वांचलीं. तरी बराच काळ किल्लीचें काम फक्त विजेचा प्रवाह खुला करण्याचें असे. इंजिन सुरू करण्यासाठीं निराळें बटण किंवा पायाखालची कळ दाबावी लागे. एकच किल्ली फिरवून दोन्ही कामें करण्याची रीत अमेरिकेंत क्रायस्लर मोटारींनीं १९४९ सालीं आणली. आतां नव्या मोटारींतून किल्ली पुनः जात चालली आहे. खिशांत एक डबी ठेवावी आणि बटण दाबावें. म्हणजे जग जेथें बटणापासून निघालें तेथें बटणापाशींच परत आलें, आणि मधल्या साठसत्तर वर्षांच्या किल्लीयुगाचे आम्ही एक अवशेष तेथें अडकून पडलों होतों. असो.

पावणेआठच्या सुमारास सरदारजी आले. सायकलीच्या मागें लोखंडी पेटी, डोक्यावर पगडीवरून बांधलेली प्लॅस्टिकची पिशवी. पहारेकऱ्यानें त्यांना पाटी दाखविली नाहीं, पण वही पुढें केली; कोणाकडे काम, या रकान्यांत रहिवाशाची सही हवी. आम्ही पावसांत फाटकापर्यंत जाऊन सही करून आलों.

ते शिकलगार आहेत. शिकलगार म्हणजे तलवारीस शिकल करणारे, पातें घांसून पाणी चढविणारे. त्या जमातींतल्या पुष्कळांनीं शीख गुरूंसाठीं शस्त्रें घडविलीं. इंग्रजांनीं १८७८ सालीं शस्त्रांचा कायदा केला तेव्हां शस्त्रांच्या धंद्यावर परवान्याचें बंधन पडलें. पुढें त्यांतले कित्येक बालद्या, कढया, कानशी आणि किल्ल्या यांकडे वळले. महाराष्ट्रांत रस्त्याच्या कडेला किल्ल्या करणारा सरदार दिसतो त्याच्यामागें बहुधा हा इतिहास असतो. आम्ही तो शिकवीत नाहीं. आमच्या पाठ्यपुस्तकांत तो नाहीं.

त्यांनीं पहिला प्रश्न विचारला, "सर, आंत काय काय घातलंत?" आम्हीं चिमट्याची कबुली दिली. "गोंद नाहीं ना?" गोंद नाहीं, असें आम्ही जरा अभिमानानें म्हणालों. त्यांनीं मान डोलविली. गोंदाचा थेंब तुकड्यास लागतो त्याआधीं कुलुपाच्या पत्र्यांस लागतो, आणि मग सगळें कुलूपच काढून टाकावें लागतें, असें त्यांनीं सांगितलें. दुसरा प्रश्न: फिरवून मोडली कीं फिरण्याआधीं? फिरण्याआधीं. "मग नशीब चांगलं."

हें नशीब म्हणजे काय तें त्यांनीं काम करतां करतां समजावून दिलें. मोटारीच्या कुलुपांत एक नळकांडें असतें आणि त्यांत पितळेचे पातळ पत्रे ओळीनें बसविलेले असतात. प्रत्येक पत्र्यास मधोमध एक खिडकी आणि बाजूस एक नाजूक स्प्रिंग. किल्ली नसते तेव्हां हे पत्रे नळकांड्याच्या बाहेर डोकावून भोंवतालच्या खांचांत अडकलेले असतात, म्हणून नळकांडें फिरत नाहीं. योग्य किल्ली आंत गेली कीं तिच्या दांत्यांवरून एकेक पत्रा आपापल्या उंचीला येतो, सर्वांचीं डोकीं नळकांड्याच्या कडेशीं समपातळींत येतात, आणि तें फिरतें. एकदां फिरलें कीं पत्र्यांस हलावयास जागा राहत नाहीं; ते किल्लीस धरून ठेवितात, म्हणूनच चालू मोटारीची किल्ली उपसतां येत नाहीं. तुकडा अशा फिरलेल्या स्थितींत अडकला असतां तर आधीं नळकांडें हळूच मूळ जागीं आणावें लागलें असतें. आमचा तुकडा मूळ जागींच होता. त्याला धरून ठेवीत होत्या त्या केवळ स्प्रिंगा.

पेटींतून त्यांनीं एक डबी काढली आणि कुलुपाच्या फटींत चिमूटभर काळी पूड फुंकली. ती ग्राफाइटची पूड. आपण जिला शिसपेन्सिल म्हणतों तिच्यांत शिसें नसून हेंच असतें. मग जाळीकामाच्या करवतीचें एक जुनें पातें घेतलें. केसाहून थोडें जाड असें तें त्यांनीं कानशीनें आणखी बारीक केलेलें होतें. त्याचे दांते आपल्याकडे तोंड करून, किल्लीच्या दांत्यांच्या कडेनें, तें त्यांनीं आंत सरकविलें. डोळे मिटले. आम्हांस वाटलें ते थांबले आहेत. पण उजव्या हाताचीं दोन बोटें किंचित् फिरत होतीं. पात्याचा दांता किल्लीच्या खांचेंत बसला कीं हातास कळतें, असें ते मागाहून म्हणाले. एकदां निसटलें, दुसऱ्यांदा निसटलें. दोन्ही वेळां त्यांनीं तें संपूर्ण बाहेर काढून, पुसून, पुनः आरंभापासून घातलें. तिसऱ्यांदा तुकडा तांदळाएवढा दिसूं लागला. मग तो त्यांनीं बारीक चिमट्यानें धरून ओढून घेतला आणि आमच्या तळहातावर ठेविला. चार मिनिटेंही लागलीं नसतील. आम्हीं अर्ध्या तासांत जेवढा जोर लावला होता त्याचा शंभरावा हिस्साही त्यांनीं लावला नव्हता.

आतां नवी किल्ली. ती जुनीचे दोन तुकडे जोडून यंत्रावर काढतील असें आम्हांस वाटलें होतें. त्यांनीं तुकडे उजेडांत धरून पाहिले आणि विचारलें, "ही कितवी कॉपी?" मूळ किल्ली आम्हीं कित्येक वर्षांपूर्वीं हरविली होती, हिच्या आधींची तिच्यावरून केलेली, ही त्या नकलेवरून केलेली. प्रत्येक नकलेंत यंत्र केसभर चुकतें, वर झीज निराळी. आम्ही मनांत चपापलों. नकलेवरून नक्कल होतां होतां मूळ पाठ कसा बिघडत जातो हें आम्ही तीस वर्षें वर्गांत सांगत आलों आहों. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९१९ सालीं हातीं घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९६६ सालीं पुरी केली, ती शेंकडों पोथ्या ताडून पाहून, हेंही सांगत आलों आहों. खिशांतली अपपाठांनीं भरलेली पोथी मात्र आमच्या लक्षांत आली नाहीं.

सरदारजींनीं तुकड्यांवरून कच्ची किल्ली कापली, मेणबत्तीच्या धुरावर धरून काळी केली, कुलुपांत घालून अलगद हलविली आणि बाहेर काढली. जेथें जेथें पत्रा अडत होता तेथें तेथें काजळीवर चकचकीत ठिपका उमटला होता. त्या ठिपक्यावर कानशीचे दोन हात. पुनः धूर, पुनः कुलूप. नक्कल चुकली होती तेथें ते कुलुपासच विचारीत होते. सहाव्या कीं सातव्या वेळीं ती अशी फिरली कीं मोटार नवी असतांनाही ती तशी फिरल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. गाडी जुनी म्हणून हें इतक्यांत झालें, असें ते म्हणाले. अलीकडच्या किल्लीच्या डोक्यांत चीप असते, तिची ओळख पटल्याशिवाय इंजिन सुरू होत नाहीं.

झांझिबारची वकिली सोडून आलेल्या आर्देशीर गोदरेज यांनीं १८९७ सालीं मुंबईंत कुलपांचा कारखाना काढला. शिकल्यासवरल्या माणसानें कानस हातीं धरावी याचें तेव्हां अनेकांस नवल वाटलें असेल. आम्हांस त्या सकाळीं वाटलें नाहीं.

आमचा जुना जुडगा नव्या किल्लीस अडकवितांना सरदारजी थबकले. "सर, मोडली ती ह्यामुळं." जुडग्यांत घराची किल्ली, कॉलेजच्या कपाटाची किल्ली, आणि या सर्वांवर कडी करणारी अशी एक वीतभर लांबीची, पोकळ नळीची लोखंडी किल्ली होती. मोटार रोज हिसके खाते, जुडगा रोज झोके घेतो, आणि त्याचें सारें वजन कुलुपाच्या पत्र्यांवर व किल्लीच्या मानेवर पडतें. पत्रे झिजतात, मान दमते. किल्ली त्या दिवशीं मोडली नव्हती. ती वर्षानुवर्षें मोडत आली होती. "ही कशाला बाळगतां एवढी?"

कशाला, तें आम्हीं त्यांना सांगितलें नाहीं. जेथें आमची इमारत उभी आहे तेथें आमचें घर होतें. कौलारू, पुढें ओटी, मागें विहीर आणि तिच्यापलीकडे केळींची व पानवेलींची वाडी. आगाशीचीं सुकेळीं प्रसिद्ध. आमच्याही अंगणांत केळीं सोलून उन्हांत वाळत घातलेलीं असत आणि राखण करण्याच्या मिषानें आम्ही तीं खात असूं. २००८ सालीं घर पाडलें. पत्त्यांत तेव्हां ठाणें जिल्हा लिहीत, २०१४ पासून पालघर लिहितों, जागा तीच. पाडकामाच्या दिवशीं मातींत आम्हांस ही लोखंडी किल्ली सांपडली. घराच्या पुढच्या दाराची ती किल्ली आम्हीं उचलून खिशांत घातली, आणि पुढें मोटारीच्या किल्लीस अडकविली. पाहुण्यांस ती दाखवून आम्हीं पुष्कळदां दोन हळवीं वाक्यें बोलून घेतलीं आहेत.

ती सोडवून आम्हीं निराळ्या खिशांत ठेविली आणि मजुरी विचारली. साडेतीनशें रुपये. आम्हीं पांचशेंची नोट पुढें केली आणि राहूं द्या म्हणालों. त्यांनीं पेटीच्या कप्प्यांतून दीडशें मोजून परत दिले. पेटी सायकलीस बांधतां बांधतां, आमच्याकडे न पाहतां ते म्हणाले, "अर्ज तुमच्या हातचा होता ना, सर? मला दाखवला होता त्यांनीं. खालीं पहिली सही तुमची होती." आवाजांत राग नव्हता, राग असता तर आम्हांस कांहीं बोलतां आलें असतें. स्टेशनाजवळ धंदा बरा होतो का, असें आम्हीं विचारलें. गिऱ्हाईक पुष्कळ, पण उभें राहावें लागतें, मेज लावूं देत नाहींत, असें ते म्हणाले. मग त्यांनीं पिशवी पगडीवर ओढून घेतली आणि ते गेले.

आम्हीं दुसरा अर्ज लिहिला आहे, या वेळीं मराठींत. किल्लीवाल्यास फाटकाजवळ पूर्ववत् बसूं द्यावें अशी संस्थेनें शिफारस करावी, असा त्याचा आशय. बँकेचे अधिकारी म्हणतात कीं एकदां झालेला ठराव असा फिरवितां येत नाहीं; आणि पुढच्या सभेची तारीख अजून लागलेली नाहीं. पाटी फाटकावर आहे.

इस्पितळांत आम्ही पोहोंचलों तों सर्व आटोपलें होतें. दुपारीं मातोश्री घरीं आल्या, डोळ्यावर पारदर्शक झांकण, आणि मला जेवायला द्या, उपाशी ठेवलंत, अशी तक्रार. संध्याकाळीं आम्हीं त्यांच्याजवळ बसून झालेली हकीकत सांगितली आणि ती लोखंडी किल्ली त्यांच्या हातांत दिली. म्हटलें, आतां ही तुझ्यापाशींच राहूं दे, पुढच्या दाराची आहे. त्यांनीं दुसराही डोळा मिटून घेतला आणि किल्लीच्या दांत्यांवरून अंगठा फिरविला. मग पुनः एकदां फिरविला.

"पुढच्या दाराची कुठली? पुढच्या दाराला कुलूप होतं कधीं? आंतून अडसर असायचा, नि घरांत कुणी ना कुणी असायचंच," त्या म्हणाल्या. "ही गोठ्याची. म्हशी विकल्या त्या सालीं हरवली होती. तुला कुठं सांपडली?"